रिच की लीन? आधी विचारा, केव्हा?

“इंजेक्टर गळतायत. पूर्ण सेट बदलावा लागेल. बरोबर मोठा पंपही टाकून घ्या. सगळे मिळून 58 हजार.”

एका गॅरेजने माझ्या मावसभावाला हे सांगितलं तेव्हा दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. गाडी जुनी, 2000 च्या दशकातली, 1.8 लिटरची टर्बो पेट्रोल सेडान. सेकंडहँड घेतलेली आणि आधीच्या मालकाने रीमॅप केलेली. म्हणजे मूळ 110 किलोवॅटचं इंजिन आता 140 किलोवॅटच्या आसपास ताकद देतं. तक्रारी तीन: मधल्या स्पीडला पिकअप गेलेला, मागून काळा धूर आणि अ‍ॅव्हरेज सातवर आलेलं.

मी थर्ड इयर मेकॅनिकलला. आय. सी. इंजिन्सच्या पेपरला चांगले मार्क पडले होते, त्यामुळे अंगात जरा जास्तच कॉन्फिडन्स होता. म्हटलं, “दादा, पैसे देऊ नकोस. आधी आपण बघू.” त्यानंतरच्या तीन रविवारांत मी जे शिकले ते कुठल्याही सबमिशनमध्ये शिकले नव्हते. आणि त्यातल्या एका रविवारी माझ्या हातून त्या इंजिनाचे पिस्टन वितळायचेच बाकी होते. तेही सांगते, लपवत नाही.

एक विनंती. ‘वायू-इंधन गुणोत्तर’ वगैरे शब्द पुस्तकात छान दिसतात, पण गॅरेजमध्ये कोणी तसं बोलत नाही. म्हणून इथे तिथलेच शब्द वापरले आहेत.

थोडी थिअरी

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. इंजिनात गेलेली हवा आणि त्या पेट्रोलला लागणारी हवा यांच्या भागाकाराला लॅम्डा म्हणतात. लॅम्डा 1 म्हणजे हिशोब बरोबर. 1 पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त, म्हणजेच रिच. 1 पेक्षा जास्त म्हणजे पेट्रोल कमी, म्हणजेच लीन.

हा हिशोब गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, करतो. दादाच्या गाडीत एअर फिल्टरनंतर एमएएफ सेन्सर आहे. तो आत जाणारी हवा मोजतो, दर सेकंदाला इतके ग्रॅम. ईसीयू त्यावरून ठरवतो की इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा. लक्षात घ्या, ईसीयू पेट्रोल मोजत नाही! तो फक्त वेळ मोजतो. ‘इतका वेळ उघडलं की इतकं पेट्रोल पडेल’ हे त्याने गृहीत धरलेलं असतं. पुढचा सगळा घोळ या एका गृहीतामुळे झाला.

आयडलला आणि रमतगमत चालवताना ईसीयू एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघून स्वतःची चूक सुधारतो. या सुधारणेला ट्रिम म्हणतात. ट्रिम +8 म्हणजे ‘मला 8 टक्के पेट्रोल वाढवावं लागतंय’, -8 म्हणजे ‘8 टक्के कमी करावं लागतंय’. साध्या ओबीडी स्कॅनरवरही हा आकडा दिसतो. पण पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की या पिढीच्या बऱ्याच गाड्यांत ईसीयू सेन्सरकडे बघणं सोडून देतो आणि नुसत्या पाठ केलेल्या टेबलवरून पेट्रोल देतो. म्हणजे जिथे धोका सगळ्यात जास्त, तिथे चूक दाखवणारं कोणी नसतं.

बूस्टमध्ये मुद्दाम रिच का?

टर्बो हवा दाबून भरतो. दाबलेली हवा गरम होते, सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं आणि स्पार्कनंतर ज्वाला पोचायच्या आधीच उरलेलं पेट्रोल भलत्याच ठिकाणी आपोआप पेटायला बघतं. हेच नॉकिंग. ते आवरण्याचा एक जुना उपाय म्हणजे थोडं जास्त पेट्रोल देणं. जास्तीचं पेट्रोल वाफ होताना उष्णता खेचून घेतं आणि सिलिंडर थंड राहतो. म्हणून अशा इंजिनात पूर्ण बूस्टला लॅम्डा 0.85 च्या आसपास ठेवतात.

ही काळजी टर्बो गाड्यांइतकीच जुनी आहे. अमेरिकेत 1962 साली ओल्ड्समोबिल जेटफायर नावाची टर्बो गाडी विकायला आली. 3.5 लिटरचं व्ही-8 इंजिन आणि 10.25 कॉम्प्रेशन रेशो! नॉकिंग थांबवायला त्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण आत फवारायची वेगळी टाकी होती आणि त्या मिश्रणाला ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असं झोकदार नाव दिलं होतं. मालकाने टाकी भरली नाही तर गाडी स्वतःच बूस्ट कमी करायची. 1963 नंतर ती गाडी बंद झाली, पण धडा शिल्लक राहिला: बूस्ट वाढवायचा तर थंड ठेवण्याची सोय आधी हवी.

म्हणून एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. बूस्टमध्ये लीन म्हणजे लॅम्डा 1 च्या वर, असं नाही. जिथे 0.85 हवा तिथे 0.95 आला तरी इंजिनासाठी ते लीनच आहे.

पहिला रविवार: आकडे

आमच्या कॉलेजच्या रेसिंग टीमकडे एक वाइडबँड लॅम्डा गेज आहे. साधा ऑक्सिजन सेन्सर जेमतेम ‘रिच आहे’ किंवा ‘लीन आहे’ इतकंच सांगतो, वाइडबँड नेमका आकडा देतो. सरांची परवानगी काढून ते आणलं. आमच्या घराजवळच्या मिस्त्रीकाकांनी ते एक्झॉस्टमध्ये बसवून दिलं. दादा गाडी चालवणार, मी मागच्या सीटवर लॅपटॉप घेऊन. सकाळी सहाला, रस्ता रिकामा असताना, खंबाटकी घाटाच्या चढावर थर्ड गिअरमध्ये आकडे घेतले.

ते असे होते:
आयडल: ट्रिम -9
साधं चालवताना: ट्रिम -5
0.7 बार बूस्टला: लॅम्डा 0.78
1 बार बूस्टला, 6000 आरपीएम जवळ: लॅम्डा 0.87
तिथेच इंजेक्टर उघडा राहण्याचं प्रमाण: 84 टक्के

गॅरेजवाल्याचं म्हणणं वरवर बरोबरच वाटत होतं. आयडलला रिच, चालवताना रिच, बूस्टमध्ये तर काळा धूर निघण्याइतकं रिच. सगळीकडे पेट्रोल जास्त, म्हणजे इंजेक्टर गळतात. आणि 84 टक्के म्हणजे इंजेक्टर जवळजवळ शेवटाला आलेत, म्हणून मोठा सेट घाला.

पण मी कागदावर हिशोब मांडला. टर्बो पेट्रोल इंजिनाला एका किलोवॅटसाठी तासाला साधारण 340 ग्रॅम पेट्रोल धरतात. 140 किलोवॅटला 47.6 किलो, म्हणजे तासाला सुमारे 64 लिटर. चार इंजेक्टर, म्हणजे प्रत्येकी 16 लिटर, म्हणजे मिनिटाला 267 सीसी. गाडीतले इंजेक्टर 380 सीसीचे. मग ते 70 टक्के उघडायला हवेत, 84 का उघडतायत?

याचा अर्थ, ईसीयूला वाटतंय की इंजिनात प्रत्यक्ष जाते त्याहून जास्त हवा जात आहे. आणि हवा मोजल्यानंतर ती कुठेतरी बाहेर पळून जात असेल तरच असं होईल!

दुसरा रविवार: एक होज आणि मी खूश

एमएएफच्या पुढे हवेचा रस्ता असा: टर्बो, मग होज, मग इंटरकूलर, मग पुन्हा होज, मग थ्रॉटल. यात कुठेही भोक पडलं की मोजलेली हवा वाटेत सांडते. ईसीयू मात्र पूर्ण हवेचं पेट्रोल देऊन मोकळा होतो. परिणाम: बूस्टमध्ये रिच, काळा धूर, पिकअप कमी.

हे भोक डोळ्यांनी सापडत नाही. इंजिन बंद असताना होज गप्प मिटून बसलेला असतो, फाट प्रेशरमध्येच उघडते. म्हणून मिस्त्रीकाकांनी प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसीची एंड कॅप आणली, तिला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व बसवला आणि ती टर्बोच्या तोंडावर क्लॅम्पने आवळली. बाहेरून 0.7 बार हवा भरली आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडलं. (करून बघणार असाल तर कॅपच्या समोर उभे राहू नका. सुटली तर तोफेसारखी येते.)

इंटरकूलरच्या खालच्या होजवर, ब्रॅकेटला घासून घासून पडलेली बोटभर लांब चीर निघाली. फेसाचा मोठा फुगा आला आणि मी टाळ्याच वाजवल्या. नवा होज 1800 रुपये. 58 हजारांचं काम 1800 मध्ये! दादाने समोसे मागवले.

मिस्त्रीकाका मात्र समोसा हातात धरून माझ्या कागदाकडे बघत होते.

“ताई, ही चीर थ्रॉटलच्या अलीकडे आहे ना?”

“हो.”

“आयडलला तिथे प्रेशर नसतं. मग आयडलचं हे वजा नऊ कुठून आलं?”

खरं सांगते, मला उत्तर माहीत नव्हतं. पण मला ते हवंही नव्हतं. मला चीर सापडली होती! मी म्हटलं, “काका, होईल ते आपोआप ठीक. ईसीयू शिकेल परत.” ते काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, “घाटात एकदम दाबू नका. गेज बघत बघत जा.”

घाटातला तो आकडा

त्याच संध्याकाळी परत घाट. थर्ड गिअर, दादाने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडी अशी उचलली की दादा ओरडलाच, “अगं, ही तर वेगळीच गाडी झाली!”

माझी नजर गेजवर होती. 0.5 बारला लॅम्डा 0.98. मला वाटलं गेज अजून तापलं नसेल. 0.7 बारला 1.02.

“दादा, सोड! पाय काढ!”

त्याने पाय काढला. दोघंही गप्प. गाडी बाजूला घेतली. जिथे 0.85 हवा तिथे 1.02, आणि बूस्ट अजून 1 बारपर्यंत चढायचा होता. वॉर्निंग लाइट नाही, धूर नाही, उलट गाडी पूर्वीपेक्षा मस्त पळत होती. गेज नसतं तर आम्ही हसत हसत घाट चढून गेलो असतो आणि दोन-चार दिवसांत पिस्टनची रिंग लँड किंवा डोकं गेलं असतं. मग दोष कोणाला दिला असता? नव्या होजला? नशिबाला?

खरं कारण हे होतं की गाडीत एक नाही, दोन बिघाड होते. पहिला बिघाड पेट्रोल वाढवत होता, दुसरा कमी करत होता. मी पहिला काढला आणि दुसऱ्याला मोकळं रान दिलं. फाटलेला होज इतके दिवस इंजिन वाचवत होता!

तिसरा रविवार: रेग्युलेटरचं गणित

आता ते -9 समोर ठेवून बसलो. आयडलला रिच, बूस्टमध्ये लीन. असं उलटसुलट काय करू शकतं?

इंजेक्टर हे एक छोटं भोक आहे. त्यातून किती पेट्रोल पडेल हे त्याच्या दोन बाजूंच्या प्रेशरमधल्या फरकावर ठरतं, आणि प्रवाह त्या फरकाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो (सेकंड इयरचं फ्लुइड मेकॅनिक्स आठवा). इंजेक्टरच्या मागे फ्युएल रेलचं प्रेशर, पुढे मॅनिफोल्डचं. मॅनिफोल्डचं प्रेशर तर सतत बदलतं. आयडलला व्हॅक्यूम, बूस्टमध्ये उलटा दाब. मग फरक कायम कसा ठेवायचा? त्यासाठी या गाडीत प्रेशर रेग्युलेटरला मॅनिफोल्डमधून एक बारीक होज जोडलेला असतो. मॅनिफोल्डमध्ये 1 बार बूस्ट आला की रेग्युलेटर रेलचं प्रेशर 3 वरून 4 बार करतो. आयडलला व्हॅक्यूम 0.6 बार असेल तर रेल 2.4 वर आणतो. फरक नेहमी 3 च. ईसीयूचं ‘इतका वेळ म्हणजे इतकं पेट्रोल’ हे गृहीत या बोटभर जाड होजवर उभं असतं.

तो होज निघाला तर? रेल कायम 3 बारवर राहील. मग:

आयडलला फरक 3.6 बार. वर्गमूळ काढलं की प्रवाह साधारण 9.5 टक्के जास्त.
0.5 बार बूस्टला फरक 2.5 बार. प्रवाह सुमारे 9 टक्के कमी.
0.7 बारला फरक 2.3 बार. प्रवाह 12 टक्के कमी.
1 बारला फरक फक्त 2 बार. प्रवाह 18 टक्के कमी.

आयडलचं -9 जसंच्या तसं समोर आलं! 0.7 बारला 12 टक्के कमी म्हणजे लॅम्डा 0.85 चा 0.97 होतो. आम्हाला दिसला होता 1.02. उरलेला फरक ट्रिमचा. साधं चालवताना ईसीयूने ‘पेट्रोल जास्त पडतंय, 5 टक्के कमी करू’ हे शिकून घेतलं होतं, आणि तीच शिकवण तो बूस्टमध्येही लावत होता. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. पूर्ण 1 बारला हिशोब 1.1 च्या आसपास जात होता. तो आकडा कागदावर बघूनच माझ्या पोटात गोळा आला.

कागद झाला, आता पुरावा. इंजिन थंड असताना, फायर एक्स्टिंग्विशर बाजूला ठेवून, मिस्त्रीकाकांनी फ्युएल रेलला प्रेशर गेज लावलं. इंजिन चालू केलं. आयडलला 2.4 दिसायला हवं होतं, दिसलं 3.0. अ‍ॅक्सिलरेटर दिला तरी काटा हलला नाही. मग टॉर्च घेऊन मॅनिफोल्डच्या मागे हात घातला. रेग्युलेटरचा होज तिथे नुसताच लोंबकळत होता, एक टोक उघडं. मॅनिफोल्डच्या निपलवर दुसराच होज होता. तो कुठे जात होता माहीत आहे? डॅशबोर्डवरच्या चकचकीत बूस्ट गेजला!

दादा ओशाळला. दोन महिन्यांपूर्वी पिकअप कमी वाटला, म्हणून ‘बूस्ट किती येतोय ते तरी बघू’ म्हणत त्याने एका अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातून ते गेज बसवून घेतलं होतं. बसवणाऱ्याला निपल हवं होतं, त्याने रेग्युलेटरचं घेतलं. बिघाड शोधायला लावलेल्या गेजनेच दुसरा, जास्त वाईट बिघाड तयार केला होता.

दोन होज, एक टी-जॉइंट, चार क्लिप, 150 रुपये. ईसीयूची जुनी शिकवण स्कॅनरने पुसून टाकली. आठवडाभराने आकडे: ट्रिम +2 आणि +1, पूर्ण बूस्टला लॅम्डा 0.86, इंजेक्टर 70 टक्क्यांवर. अगदी कागदावर आला होता तोच आकडा. इंजेक्टर आणि पंप जुनेच आहेत आणि ठणठणीत आहेत.

‘केव्हा’चा तक्ता

यातून मी स्वतःसाठी एक तक्ता केला. गाडी रिच आहे की लीन, यापेक्षा ती केव्हा तशी होते हे जास्त सांगून जातं. (एमएएफवाल्या गाडीसाठी हं. एमएएफऐवजी मॅनिफोल्ड प्रेशरवर चालणाऱ्या गाडीत होज फाटला तरी मिश्रण फारसं बिघडत नाही, नुसती ताकद जाते.)

1. आयडलला लीन, बूस्टमध्ये रिच: थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डला भोक. व्हॅक्यूममध्ये तिथून न मोजलेली हवा आत येते, बूस्टमध्ये मोजलेली हवा बाहेर जाते. एकच भोक, दोन उलट लक्षणं!

2. आयडल ठीक, बूस्टमध्ये रिच: टर्बो आणि थ्रॉटलच्या मधला होज.

3. आयडल ठीक, बूस्टमध्ये आरपीएमबरोबर लीन होत जाणं: पेट्रोल पुरत नाही. फ्युएल फिल्टर, पंप किंवा इंजेक्टरची मर्यादा. पंप बदलण्याआधी, लोडवर असताना पंपाच्या कनेक्टरपाशी व्होल्टेज मोजा. जुन्या वायरिंगमुळे तिथे साडेतेराऐवजी अकरा-साडेअकरा व्होल्ट पोचत असतील तर नवा पंपही तसाच रडेल.

4. आयडलला रिच, बूस्टमध्ये लीन: रेग्युलेटरचा होज किंवा मळलेला एमएएफ. मळलेला सेन्सर कमी हवेला आकडा फुगवतो आणि जास्त हवेला कमी सांगतो. दोन्हींतलं कोण हे फ्युएल प्रेशर गेज सांगतं.

5. सगळीकडे जवळपास सारख्याच टक्क्यांनी चूक: चुकीच्या मापाचे इंजेक्टर, बेस फ्युएल प्रेशर किंवा स्वतः पेट्रोल.

गेजसुद्धा फसवतं

लॅम्डा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, तो एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो. एखाद्या सिलिंडरने मिसिंग मारलं तर त्यातली हवा न जळता तशीच बाहेर येते आणि गेज म्हणतं ‘लीन’. पेट्रोल खरं तर पुरेसं असतं! ट्यून केलेल्या गाडीत हे फार होतं, कारण बूस्ट वाढला की दाट हवेतून ठिणगी पाडणं कठीण जातं. आकडा अचानक उडी मारत असेल आणि गाडी झटके देत असेल तर आधी प्लग, त्यांची गॅप आणि कॉइल बघा. लीन समजून पेट्रोल वाढवलंत तर मिसिंग आणखी वाढेल. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट लीक असला तरी बाहेरची हवा आत खेचली जाते आणि खोटं लीन दिसतं.

आणि ई20 चं काय?

हे सगळ्यांना लागू आहे म्हणून थोडक्यात. भारतात पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉलचा टप्पा 2022 मध्ये गाठला गेला आणि 20 टक्क्यांचा 2025 मध्ये. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे एक किलो इथेनॉलला फक्त 9 किलो हवा लागते. ई20 चा हिशोब 14.7 वरून साधारण 13.5 वर येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने सुमारे 8-9 टक्के जास्त इंधन हवं.

साधं चालवताना ईसीयू ट्रिमने हे सांभाळून घेतो. पण जुना रीमॅप बिनइथेनॉलच्या पेट्रोलवर केलेला असेल तर पूर्ण बूस्टला, जिथे तो सेन्सरकडे बघत नाही, तिथे गाडी तितकी लीन जाऊ शकते. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त आणि थंडावाही जास्त, त्यामुळे थोडी भरपाई होते. तरी जुन्या ट्यूनच्या मालकाने एकदा वाइडबँड लावून खात्री करावी. आकडा लॅम्डामध्येच वाचा. लॅम्डा 1 चा अर्थ कुठल्याही पेट्रोलला तोच राहतो, 14.7 चा राहत नाही.

शेवटी

एक चूक कबूल करते. घाटाच्या सार्वजनिक रस्त्यावर आम्ही हे प्रयोग केले, ते करायला नको होते. डायनोवर तासाचे पैसे लागतात, पण इंजिनापेक्षा आणि माणसापेक्षा ते स्वस्तच. तुम्ही तिथेच करा.

दुसरी चूक जास्त मोठी होती. माझ्या कागदावर पाच आकडे होते. माझ्या उत्तरात त्यातले चारच बसत होते आणि पाचवा मी सोडून दिला. परीक्षेत पाचातले चार बरोबर आले की 80 टक्के मिळतात आणि आपण खूश होतो. इंजिन असे मार्क देत नाही. जो आकडा तुमच्या थिअरीत बसत नाही, तोच बहुतेक वेळा पुढच्या बिघाडाचा पत्ता असतो.

परवा मिस्त्रीकाकांकडे गेले होते. मी विचारलं, “काका, त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं का, रेग्युलेटर असेल म्हणून?”

“नाही ताई,” ते म्हणाले. “मला फक्त एवढंच माहीत होतं की वजा नऊचं उत्तर मिळालेलं नाही.”